केळवणाचं पंचामृत

नौपाडा, ठाणे
१८ नोव्हेंबर

तीर्थरूप उत्तरावन्सं यांना,

सरोजचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडे ठाकुर्लीला तुमचा गुडघा सोडून बाकी सगळं ठीक असेल, असं धरून चालते. लिफ्ट सुरू झाली का?

फोन असताना ही बाई पत्र कसलं लिहिते, असं म्हणाल. पण फोन लावला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, तुम्ही "काय? काय?" करत राहता आणि मी इतकी ओरडते की खालच्या मजल्यावरच्यांना आपल्या घरातलं सगळं कळतं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर बोट चुकून फॅमिली ग्रुपवर जायचं. त्यापेक्षा पोस्ट बरं. तुम्हाला वाचायला आवडतं आणि मला मध्ये कुणी तोडलेलं आवडत नाही.

रविवारी ऋजुताचं केळवण आपल्याकडे. हे लक्षात आहेच, तरी रीत म्हणून पुन्हा आमंत्रण. ऋजुता, तिचे आईबाबा आणि तुम्ही. आमच्याकडून सलिल, क्षिप्रा आणि मी. हे असते तर बहिणीच्या नातीचं केळवण म्हणून चार दिवस आधीपासून केळीच्या पानांसाठी जांभळी नाक्यावर चकरा मारल्या असत्या. आता पानं मीच आणीन. तुम्ही येताना काही आणू नका. तुम्ही नेहमी ते शेवेचे लाडू आणता, तेही नकोत. सगळं मी करणार आहे. एकटी.

एकटी का, तेही सांगते, म्हणजे तुम्ही रविवारी ओट्याशी लुडबुड करणार नाही. सलिल परवा आला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाला, "आई, तू हल्ली विसरतेस. एकटीनं राहू नकोस. घोडबंदरला तुझी खोली तयार आहे, चल." मी म्हटलं, मी तिथे काय करू? तर म्हणे, "आराम कर." त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई येते. म्हणजे मी खोलीत बसायचं, बाईनं ताट आणून द्यायचं आणि मी "छान झालंय हो" म्हणायचं. हा आराम झाला की शिक्षा?

त्याच्या डोक्यात हे खूळ आमच्या सूनबाईनं, क्षिप्रानं घातलं असणार. मागच्या महिन्यात ती आली असताना स्वयंपाकघरात काहीतरी क्षुल्लक घडलं, त्याचं तिनं केवढं मोठं केलं. ते सांगत बसत नाही. मी काही विसरत नाही हो वन्सं. तुमच्या लग्नातल्या पंगतीत काय वाढलं होतं, तेही आई सांगायच्या तसं मला आज पाठ आहे, आणि मी तर तेव्हा या घरात आलेही नव्हते.

तेव्हा मी सलिलला सरळ सांगितलं. रविवारचं पूर्ण पान मी एकटी रांधते. काही विसरलं, बिघडलं, तर मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसते. नीट पार पडलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तो "बरं" म्हणाला. हा लहानपणी "बरं" म्हणायचा तेव्हाही माझा विश्वास बसायचा नाही, पण शब्द दिला आहे.

बेत असा: मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, साखरभात. आणि पानाच्या डाव्या बाजूला आपलं पंचामृत. देवाला अंघोळ घालायचं नव्हे, आईंचं, चिंचगुळाचं. ऋजुता लहानपणी ते बोटानं चाटून पान स्वच्छ करायची. सासरी कुणाला ते येतही नसेल, म्हणून तिला ते पोटभर खाऊ घालायचं आहे.

चिंच आजच आणली, जुनी, काळी. लिंबाएवढा गोळा गरम पाण्यात भिजवीन आणि कोळ काढीन तो बोटावरून सावकाश ओघळेल इतका दाट. गूळ त्याच्या दुप्पट, काळसर, चिकीचा नव्हे. तेलात मोहरी तडतडून थांबली की मेथी, ती लालसर झाली की लगेच हिंग आणि चिरलेल्या मिरच्या. मिरच्यांच्या अंगावर पांढरे फोड आले की खोबऱ्याचे काप, दाणे. मग कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला, शेवटी तिळाचं कूट. आधी बारीक बुडबुडे येतात, मग मोठे येऊन फुटतात, कडेनं तेल सुटतं. ताटलीवर थेंब टाकला आणि तो पळाला नाही की झालं. हे सगळं डोळ्यांनी आणि कानांनी होतं. चाखायची गरजच नाही.

आईंचा नियम आठवतो ना? नैवेद्याचं चाखायचं नाहीच, पण वाससुद्धा घ्यायचा नाही. "नाकानंही उष्टं होतं गं सरोज," म्हणायच्या. फोडणी घालताना मी पदर नाकाला लावून उभी राहायचे. इतकी वर्षं सणासुदीचं रांधलं ते असंच, न चाखता, न हुंगता. आणि पंगतीतून कधी वाटी परत आली नाही. तेव्हा काळजी नसावी.

वेळेवर या. रिक्षावाल्याला गोखले रोडवरून आणायला सांगा.

तुमची,
सरोज


नौपाडा, ठाणे
२६ नोव्हेंबर

उत्तरावन्सं,

नमस्कार. तुम्ही सुखरूप पोचल्याचं ऋजुताच्या आईनं ग्रुपवर टाकलं, म्हणून कळलं. तुम्ही स्वतः कळवलं नाहीत.

मी दोन दिवस गप्प राहून पाहिलं. जमत नाही. तेव्हा लिहिते, आणि जे लिहिते ते वयाचा मान ठेवून लिहिते.

पाहुण्यांनी पानात काय खावं, काय टाकावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण केळवणाच्या पंगतीत, नवरीमुलीसमोर, पंचामृत बोटानं पानाच्या कडेला सारायचं आणि "सरोज, खोबरं खवट आहे गं" असं म्हणायचं? तुम्हाला वाटतं तुम्ही हळू बोलता. ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं. मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? मी तुमच्या भावाची बायको आहे. केटररची बाई नव्हे.

आणि बाकी कुणी काही म्हणालं का? तुमचा मुलगा जेवला, सून जेवली. क्षिप्रानं वाटीभर संपवलं. तुम्ही म्हणालात त्यानंतरसुद्धा ऋजुतानं पान पुढे केलं आणि म्हणाली, "मामीआजी, मला अजून वाढ ना थोडं." पाच माणसांच्या जिभा एकीकडे आणि तुमची एकटीची एकीकडे. उरलेलं मी संध्याकाळी शेजारच्या शिवानीला दिलं, तीही म्हणाली, मस्त झालेलं काकू. तुम्ही गेल्यावर मी स्वतः चमचाभर घेऊन पाहिलं. मला तर काही जाणवलं नाही.

त्या एका वाक्यानं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही ते बोललात आणि सलिलनं क्षिप्राकडे पाहिलं. भात वाढता वाढता मी ते पाहिलं. माझा साखरभात मोकळा झाला होता, अळूला खाज नव्हती, कशातही मीठ विसरलं नव्हतं, आणि या पोरानं त्या एका नजरेत मला घोडबंदरला नेऊन बसवलं. रात्री फोन करून म्हणाला, "आई, आता शनिवारी येऊ का सामान बघायला?" माझी पैज तुम्हाला माहीत होती. मी लिहिली होती.

खोबरं घरचंच होतं. दिवाळीच्या करंज्यांसाठी आणलेल्यातली उरलेली वाटी, घट्ट झाकणाच्या डब्यात, पांढरीशुभ्र. बुरशी नाही, डाग नाही. कापताना सुरीखाली नीट कडकड वाजलं. आणखी काय बघायचं असतं?

तुमच्या औषधाची चिठ्ठी आमच्याकडे राहिली, ती सोबत घातली आहे.

कळावे,
सरोज


नौपाडा, ठाणे
६ डिसेंबर

ती. उत्तरावन्सं यांना सरोजचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी. "मी खोटं बोलणार नाही. खवट होतं. पण चाळीसएक वर्षं तुझ्या हातचं खाते आहे, तू असलं पानात वाढलंस कसं, ते मला सांग."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कार्ड फाडायला घेतलं होतं. मग ते चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं. येता जाता ते मला विचारत राहिलं. सांगते.

वन्सं, मला वास येत नाही. श्रावणात तो ताप आला होता ना, मी तुम्हाला साधा व्हायरल म्हणून सांगितला? ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग एक दिवस कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं पण कांदा आलाच नाही. उदबत्ती नाही, कापूर नाही, फिनेल नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. असं होतं म्हणे. मी घरी येऊन ठरवलं, कुणाला सांगायचं नाही.

क्षिप्रासमोर जे क्षुल्लक घडलं म्हणून मी लिहिलं, ते क्षुल्लक नव्हतं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. ती दारातून धावत आली, बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. "आई, एवढा वास सुटलाय आणि तुम्ही इथेच बसलाय?" मी म्हटलं, विसरले गं. नाक गेलं म्हणण्यापेक्षा विसरले म्हणणं सोपं वाटलं. विसरणाऱ्या म्हातारीला माफ करतात. पण जिला गॅसचा वास येत नाही, तिला एकटीला कोण राहू देईल? हा माझा हिशेब. त्यातून उलटंच झालं. सलिलला वाटलं, आईचं डोकं चाललं.

आता जिभेचं. वास गेला की चव जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बटाट्याची भाजी म्हणजे मऊ काहीतरी. मसालेभात म्हणजे गरम काहीतरी. चहा म्हणजे गरम पाण्यात साखर. जिभेला कळतं ते एवढंच: खारट, तिखट, कडू, आणि आंबट आणि गोड. हे समजल्यावर एके दुपारी मी एकटीसाठी चमचाभर पंचामृत केलं आणि पोळीशी खाल्लं. वन्सं, ते होतं! सगळं नाही, पण होतं. चिंच होती, गूळ होता, मिरची होती. किती दिवसांनी काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं आणि मी ताटावर बसून रडले. म्हणून केळवणाला तेच मिरवायचं होतं. बाकीचं पान मी हातानं रांधलं, पंचामृत जिवानं.

आणि त्यातच खोबरं खवट निघालं.

तुमचं कार्ड आल्यावर मी नव्या खोबऱ्याची वाटी आणली. जुन्याचा तुकडा आणि नव्याचा तुकडा बशीत शेजारी ठेवले. पाहिलं, दोन्ही पांढरे. वाजवलं, दोन्ही सारखे. चावलं, दोन्ही लाकूड. डोळे मिटून बशी फिरवली आणि मग मला जुना कुठला, नवा कुठला ते सांगता येईना. मी तुमच्यावर केवढी चिडले होते! आणि बशीत पुरावा पडला होता, तो मला वाचताही येत नव्हता.

मग मी बसून विचार केला, की आईंचं कसं काय बिघडत नव्हतं? त्याही चाखायच्या नाहीत, हुंगायच्या नाहीत. आणि आठवलं. सणाच्या आदल्या दिवशी तुम्ही ठाकुर्लीहून माहेरी यायचात. आई वाण्याकडून आलेले पुडे तुमच्यापुढे सोडायच्या आणि तुम्ही खिडकीत बसून खोबऱ्याचा तुकडा, चार दाणे, चिमूटभर तीळ चावत बसायचात. मी तेव्हा नवी सून. मला वाटायचं, लेकीचे लाड चाललेत. मी चिंच कोळतेय आणि ही खोबरं खातेय, असा जळफळाट व्हायचा माझा. ते लाड नव्हते. आई सोवळ्यात शिरायच्या आधी तुमच्याकडून सगळं तपासून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी न चाखता रांधायचं ते तुमच्या भरवशावर. मी त्यांचा दुसऱ्या दिवसाचा नियम शिकले आणि पहिल्या दिवसाचा पाहूनही शिकले नाही. इतकी वर्षं निभावलं ते माझं नाक माझ्या नकळत काम करत होतं म्हणून.

शनिवारी सलिल आणि क्षिप्रा खोकी घेऊन आले. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. सलिलनं खोकी पायानं बाजूला सारली. मग म्हणाला, "आई, मी मेमरीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलेली. तुला कसं सांगायचं म्हणून झोप नव्हती मला." आणि एवढा मोठा माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून हसायला लागला, की रडत होता, कळेना. क्षिप्रानं मला विचारलं, "मग मी केलेलं सूप? तुम्ही छान म्हणालेलात." मी म्हटलं, गरम होतं गं. मग तीही हसली. मी तिला म्हटलं, तूही वाटीभर खवट खोबरं संपवलंस की! तर म्हणे, "तुमचं तोंड बघून संपवलं. तुम्ही आमच्याकडे यायला हव्या होतात, पण अशा हरून नको."

या पोरीबद्दल मी पहिल्या पत्रात वाकडं लिहिलं होतं. ते मागे घेते.

तरी सलिलनं धरून ठेवलंच. "पैज हरलीस ना?" मी म्हटलं, पैज विसरण्यावर होती, नाकावर नाही. आणि आता नीट ऐक. मी येणार नाही. सिलिंडर काढून टाक, मला विजेची शेगडी आणून दे. ती आणली. तिच्यावर फोडणीला वेळ लागतो, पण मोहरी तडतडते. डब्यांवर आणल्याच्या तारखा चिकटवल्यात. दुधापाशी मी उभी राहते. तो म्हणाला, "आणि खवट, आंबलेलं, नासलेलं? ते कोण बघणार?" मी म्हटलं, तुझी आत्या.

"आत्याला विचारलंस?"

"विचारते," म्हटलं. तर हे विचारणं.

वन्सं, त्या पंगतीत पाच माणसांनी माझं मन राखलं. ऋजुतानं तर दुसऱ्यांदा मागून खाल्लं. देव त्या पोरीचं भलं करो, पण असं मन राखणाऱ्यांच्या भरवशावर मला एकटीला राहता येणार नाही. मला सांगणारं माणूस हवं आहे. ते तुम्ही आहात, आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. आठवड्यातून एकदा या. गुडघ्याचं मला कळतं, म्हणून सलिल गाडी पाठवायला तयार आहे. तुम्ही खिडकीत बसायचं, मी डबे पुढे सोडीन. यायचं जमणार नसेल तर मी पुड्या बांधून ठाकुर्लीला येईन. तेही नाही म्हणालात, तर खोबरं, दाणे, तीळ सगळं वगळून नुसत्या चिंचगुळाचं करीन, पण माझ्या ओट्यावर करीन.

लग्नाआधी ऋजुताला न्यायला एक बरणी करायची आहे. बुधवारी सकाळी पंचामृत करणार आहे. मंगळवारी तुम्ही यावं.

अजून एक राहिलं. हे सलिलला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. मला माझाही वास येत नाही. अंगाला घामाचा येतो का, साडीला कुबट येतो का, तोंडाला येतो का, काही कळत नाही. दोनदा अंघोळ करते, धुतलेली साडी पुन्हा धुते आणि तरी कुणाच्या जवळ बसत नाही. सोफ्याचं टोक धरते. केळवणाला ऋजुता वाकून नमस्कार करायला आली, उठून हात पसरले तिनं, आणि मी हातातलं तूप पुढे धरून मागे सरकले. तिला काय वाटलं असेल! म्हातारीला वास येतो, असं तिनं मनात म्हणू नये म्हणून मी तिला जवळ घेतलं नाही.

तेव्हा मंगळवारी आलात की खोबरं नंतर. आधी माझ्याजवळ या, अगदी खांद्यापाशी, आणि खोबऱ्याचं सांगितलंत तसंच स्पष्ट सांगा. काही येत नसेल तर लग्नात पोरीला पोटाशी धरीन. येत असेल तर अंघोळ करून धरीन. पण धरणार आहे.

मंगळवारी दार उघडं ठेवते.

तुमच्याच घरची,
सरोज